साटीनचं पाणी

वैभवीचं बोट नकाशावर थांबलं. थोडं मागे गेलं आणि पुन्हा त्याच जागी आलं.

"काकू, इथे काय आहे?"

सुमित्रा समोरच बसली होती. करोल बागेतल्या या केंद्रात ती दर शनिवारी आर. के. पुरमहून यायची आणि अंध मुलांसाठी बोटांनी वाचायचे नकाशे करायची. माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यामुळे तिचा हात नेमका होता. नदीला दोरा, डोंगराला डिंकात बसवलेला रवा, गावाला मोहरीचा एकेक दाणा, धरणाच्या पाण्याला साटीनचा गुळगुळीत तुकडा. तयार झालेला नकाशा वैभवी तपासायची. ती परभणीची, जन्मापासून अंध, परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत आलेली. चूक सापडली की ती कुणाचीही गय करत नसे.

"कुठे?"

"पाण्यात. साटीनच्या खाली काहीतरी लागतंय."

"डिंकाचा थेंब असेल."

"डिंक असा गोल वाळत नाही. तुमचा तर बिल्कुल नाही." वैभवी हसली. "तुमच्या नद्यासुद्धा शाळेच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या वाहतात. ही मोहरी आहे, काकू. पाण्यात गाव कुठून आलं?"

सुमित्राने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

दारातून सरला डोकावली. केंद्राचं सगळं तीच बघायची.

"वैभवी, हो गया क्या? मशीन गरम है।"

"दो मिनट, दीदी।"

मशीनमध्ये मूळ नकाशा ठेवायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद. तो तापला की सगळा उठाव जसाच्या तसा त्यावर उतरायचा. आज चाळीस प्रती निघणार होत्या, चाळीस शाळांसाठी. गुरुवारी दुपारी घरी तो दाणा चिकटवताना सुमित्राला हे माहीत होतं. वर कापड लावल्यावर तिने नकाशा खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपा धरून पाहिला होता. दाणा दिसत नव्हता. बोटांचा विचार तेव्हा सुचला नव्हता, की सुचूनही बाजूला ठेवला होता, हे तिला आता खात्रीने सांगता आलं नसतं.

"माझं गाव होतं तिथे," ती म्हणाली.

वैभवीने बोट उचललं नाही.

"मी नववीत असताना पाणी आलं. धरणाचं नाव नकाशात असतं, गावाचं नाही. माझी लेक अनुष्का तर 'आईचं डॅमवालं गाव' म्हणते. मागच्या दिवाळीत मैत्रिणींबरोबर बोटिंग करून आली. फोटो छान आलेत."

"वरून काहीच कळत नाही?"

"काही नाही. पाणी सपाट असतं."

बाहेरच्या गल्लीत कुणीतरी गाडीचा हॉर्न बदलून वाजवून बघत होतं. तीन वेगवेगळे आवाज झाले, मग थांबले.

"राहू दे मग," वैभवी हळूच म्हणाली. "मी सांगते, सगळं ठीक आहे. माझ्यानंतर कोणी हात लावून बघत नाही."

सुमित्राने तिच्या बोटाकडे पाहिलं. साटीनवर ते अगदी हलकं टेकलं होतं. गावातली माणसं कुठे कुठे पांगली, आई गेली, भाऊ गेला. इतक्या वर्षांत तिथे पोचलेलं हे पहिलंच कुणीतरी. उद्या चाळीस शाळांत पोरं अशीच थांबतील आणि विचारतील, इथे काय आहे?

मग ती म्हणाली, "एखादी पोरगी परीक्षेत लिहून येईल, पाण्याच्या मधोमध गाव आहे म्हणून. तिचे मार्क जातील."

"एकच मार्क जाईल."

"चिमटा दे."

तिने साटीनची कड सोडवली आणि दाणा उचलला. चिमट्यातून तो निसटला, टेबलावरून खाली कुठेतरी घरंगळला. तिने शोधला नाही. नवीन डिंक लावून कापड बसवलं आणि अंगठ्याने दाबून धरून मनात साठ आकडे मोजले.

"तपास."

वैभवीने उगमापासून सुरुवात केली. दोऱ्यावरून खाली येत ती पाण्यापर्यंत आली आणि न अडखळता पलीकडे गेली.

"आता बरोबर."

सरला नकाशा घेऊन गेली. आत मशीनची घरघर सुरू झाली. सुमित्रा टेबलावरचा सांडलेला रवा तळहाताने गोळा करू लागली.

"काकू," वैभवी म्हणाली, "मेट्रोच्या गेटपासून ही खुर्ची चारशे सहा पावलं आहे. तुमच्या घरापासून नदी किती होती?"

सुमित्राचा हात थांबला.

"माझी आताची पावलं, की तेव्हाची?"

"तेव्हाची."

"दोनशे बारा," ती म्हणाली. "पाण्याची कळशी असली तर जास्त."

"आज रिकाम्या हाताने जाऊ." वैभवीने खुर्ची तिच्याकडे वळवली. "चला, मी तुमच्या दारात उभी आहे. पुढे काय?"

सुमित्राने डोळे मिटले.

"दोन पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "दुसरी हलते. सांभाळून उतर."