ठेवलेलं पाणी

"काकू, तुमची चूल कुठंय? फोटो काढायचाय."

हा प्रश्न स्वरालीच्या तोंडून निघायचाच न्हाय, अशी श्रेया आणि सोनल ह्या मैत्रिणींनी पैज लावली होती. निघाला! तोही पिंपळीत, रविराजच्या बंगल्याच्या दारात, त्याच्या आईसमोर.

कौसल्याकाकू हसल्या. "चूल कशाला आता, गॅस हाय की. कुणाच्या गं तुमी पोरी?"

"अंथुर्ण्याच्या. गाव बघायला आलोय," म्हणत स्वराली मोबाइल उगारून थेट स्वयंपाकघरात शिरली.

मागच्या रविवारी रविराजची गाडी अशीच तिच्या वस्तीवर आली होती. गाडीवर लिहिलेलं, 'अस्सल गाव सहल'. पुण्याची आठ माणसं उतरली. दारी आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, एवढंच तिच्या आईला ठाऊक. आईनं तांब्या घासून लख्ख केला, गुळाचा खडा फोडून वाटीत ठेवला. पाहुण्यांनी तांब्याचा फोटो काढला, गुळाचा काढला, आईचा काढला. पाणी मात्र आपापल्या बाटलीतलं प्याले. वर रविराजनं ओळख करून दिली, "ह्यांचं नाव नकोशी. म्हणजे कुणाला नको असलेली पोरगी." एक बाई चुकचुकली, "अय्या, बिचारी! जरा परत चुलीपुढं बसा ना."

आणि आई बसली!

ते गेल्यावर तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं. तेव्हापासनं कुठल्याही गाडीचा आवाज आला की ती आतनं कडी लावायची. स्वतःच्याच घरात, भर दुपारी.

"हा बघा मिक्सर," स्वरालीनं आता रविराजचाच सूर लावला. "ही माणसं हातानं वाटत न्हाईत, बिचारी. हा फ्रिज. ह्यात शिळं जपून ठेवायची ह्यांची जुनी प्रथा हाय." श्रेया तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

रविराज टॉवेल सावरत धावत आला. "ए, काय चाललंय? घर हाय का बाजार?"

"हेच इचारायचं हुतं, दादा."

काकूंना काहीच उमगलं नव्हतं. पोरी उन्हातनं आल्यात म्हणून त्यांनी ताट पुढं केलं. तीन पेले पाणी, वाटीत गूळ. एसटीत उभं राहून स्वरालीच्या घशाला कोरड पडली होती. सोनलचा हात पुढं गेला, तर स्वरालीनं तिला चिमटा काढला. मग ताटाचा फोटो घेतला.

"ऱ्हाऊ द्या, काकू. आमी बाटलीतलं पितो."

काकूंचं हसू मावळलं. अगदी आईचं मावळलं होतं तसंच.

"आता ह्यांच्या नावाचा अर्थ सांगा की, दादा."

रविराज ताटाकडं बघत राहिला. स्वरालीला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

घरी सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "त्या माउलीनं दिलेलं पाणी तू तसंच ठिवलंस?"

"ठिवलं. तुजं ठिवलं हुतं तसंच."

"आता कशाला येतोय त्यो," वडील, मल्हार, बाजेवरनं पुटपुटले.

"येऊ द्या की! पप्पा, आई, ऐका, माजं ठरलंय. गाडी आली की कडी लावायची न्हाय. दार मी उघडणार, तांब्या मीच देणार. पाणी पिईल त्यो आत येईल. जो ठिवंल, त्याला उंबऱ्याबाहेर उभा करून फोटो काढणार, आन् खाली नाव लिवणार, 'नकोसा'."