तिची दुपार

"तुमचं चालू द्या हो, मी आलेच," म्हणत नकाशेवाल्यांची बायको आजही दुपारी दाराबाहेर पडली.

नळांचे नकाशे काढायचे म्हणून ऑफिसात सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. ऑफिस घरी आल्यापासून जेवणाच्या टेबलावर त्यांचं राज्य होतं आणि स्वारी खूश होती. ना धावपळ, ना साहेबाची कटकट. वर दुपारची डुलकी. यापुढे कायम घरून की पुन्हा ऑफिसात, हे संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. त्यात विचार तो काय करायचा?

पण ही रोज जाते कुठे? डुलकी काही लागेना, तेव्हा ते पाय न वाजवता मागोमाग गेले.

गच्चीच्या जिन्यात, वरच्या पायरीवर उन्हाचा तुकडा पडला होता. त्यात ती डोळे मिटून गात होती. शब्द नव्हते, नुसता सूर. एवढा संसार झाला, पण हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. झोपेत चालत आल्यासारखे ते खालीच उभे राहिले. कुठेतरी कडी वाजली, तशी ती चपापून गप्प झाली.

चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "मी ऑफिसात असायचो तेव्हा दुपारी काय करायचीस गं?"

"काय करणार? घर माझं असायचं, एवढंच." मग घाईने म्हणाली, "तुम्ही असता ते बरंच आहे हो."

त्यांना फार वाईट वाटलं. तिची दुपार आपण घेऊन बसलो आणि आपल्याला पत्ताही नाही.

"मी ऑफिसात जायचं म्हणतो," ते म्हणाले.

"का? माझा त्रास होतो का कामात?"

"छे गं. चार माणसांत बरं वाटतं."

ती चार माणसं कधीच आली नाहीत. बाकी सगळ्यांनी घर निवडलं होतं. लांबलचक दालनात खुर्च्या टेबलांना चिकटून उभ्या होत्या. ऊन एकेका टेबलावरून सरकत होतं आणि नकाशेवालेही आपली खुर्ची घेऊन त्याच्यामागे सरकत होते. डबा उघडला तोच फोन आला.

"जेवलात का? गडबडीत असाल ना?"

त्यांनी रिकाम्या दालनाकडे पाहिलं. "हो, बोलायलाही फुरसत नाही बघ."

"बरं, ठेवते मग."

पण फोन बंद करायला ती विसरली. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग तोच सूर, या वेळी मोकळा, घरभर. क्षणभर त्यांनी तो ऐकला. मग हळूच फोन बंद केला.