बघण्याच्या दिवशीची उत्तरं

मी वेंधळी आहे, हे मला डिंभ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दूध उतू घालवणारी जया. एसटीत पिशवी विसरणारी जया. बोलता बोलता दुसऱ्याचं तोडून भलतंच बोलणारी जया. तेहतीस वर्षं ऐकत आले आणि हसत आले. पण तेच शब्द माझ्या समृद्धीला लागायला लागले तेव्हा माझं हसू संपलं.

समी आठ वर्षांची. बाई फळ्यावर लिहायच्या तेव्हा ही खिडकीतून धरणाकडं बघत बसायची. पाटी हरवायची, वर्ग चालू असताना उठून बाहेर जायची. मंचरच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, ही खोड नाही. हिचं लक्ष एका जागी टिकतच नाही, असा एक विकार असतो. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी असं आहे का?"

माझे मालक, भगवंत, मोठ्यानं हसले. "ही काय शेजारी बसलीय की!"

त्यांना विनोद वाटला. मला मात्र हसू आलं नाही. म्हणजे मी आळशी नव्हते? म्हणजे चौथीत दोनदा नापास झाले ते मुद्दाम नव्हतं?

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल लावून टाकला. "कसला इकार न् फिकार! आईवर गेलीया. तिला शाळंतनं काढा, शेरडं राखंल." मालकही त्यांच्याच बाजूचे. म्हणाले, "तू जल्मभर अशीच हायेस. तुला कुठल्या डाक्टरनं आजारी म्हणलंय? तुला म्हणू दे, मग पोरीचं मानतो. न्हाईतर सोमवारपास्नं शाळा बंद."

बरं, म्हणलं. तसं तर तसं. शिवणाचे पैसे साठवले होते, ते घेतले आणि पुण्याच्या खाजगी डॉक्टरला गाठलं. डोक्याचा डॉक्टर म्हणून गावात कुणाला सांगितलंसुद्धा नाही. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं असं बघितलं, जसं काही लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून मी त्यांच्याकडं आलेय. "हे लहान मुलांचं असतं हो. त्यातही मुलग्यांचं. तुमच्यासारख्या संसारी बाईला कुठलं?" मी हटले नाही. शेवटी म्हणाले, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतली लक्षणं डोळ्यांनी बघितलेलं माणूस घेऊन या, त्याशिवाय मी काही म्हणू शकत नाही.

असं माणूस जगात एकच. माझी आई, कोंडाबाई, मढची.

माझं लहानपणीचं खरं तेच सांग, म्हणून आईला दोन दिवस समजावलं. तिनं मान डोलावली. शुक्रवारी पहाटे निघालो तर बाईसाहेब ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, आणि मला सांगतायत, "कुकू नीट लाव. दोन्ही खांद्यावरनं पदर घे." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, ही लहानपणी कशी होती?"

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "लई गरीब सोभावाची. खाली मान घालून चालायची."

मी आईकडं बघायला लागले.

"शाळेत लक्ष होतं?"

"पयला नंबर सोडला न्हाई."

"आये!"

"तू गप. मोठी मानसं बोलत्यात." आणि परत डॉक्टरांकडं वळून, "सैपाकात हुशार. भातलावनीला दोन बायांचं काम करती. उलटून बोलनं ठावं न्हाई. आमच्या घरात साधी सुई हरावली न्हाई कंदी हिच्या हातनं."

आणि मला आठवलं. हीच वाक्यं! भगवंतांच्या घरची माणसं मला बघायला मढला आली होती, तेव्हा ओटीवर बसून आईनं हेच सांगितलं होतं, ह्याच क्रमानं. मी पोह्यांत मीठ विसरले होते, आणि आई सांगत होती सैपाकात हुशार. परीटघडीच्या कपड्यातला परका पुरुष लेकीबद्दल विचारतोय आणि लिहून घेतोय म्हटल्यावर माझ्या आईच्या तोंडून दुसरं काही निघूच शकत नव्हतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "आई एवढं सांगतायत म्हणजे प्रश्नच मिटला. तुम्हाला थोडा ताण असेल. मिस्टरांशी पटतं ना?"

मिस्टरांशी पटतं ना! शिवणयंत्रावर रात्र रात्र पाय मारून आणलेले पैसे मोजून ह्या माणसानं मला हे विचारलं. टेबलावरचा काचेचा गोळा उचलून मारावासा वाटला. उठले आणि बाहेर पडले.

शिवाजीनगरला मंचरची गाडी मिळाली. मी खिडकीला तोंड करून बसले होते. रडत होते, खोटं कशाला सांगू? गाडी सुटली आणि आईनं विचारलं, "डब्याची पिशवी कुठंय?"

पिशवी डॉक्टरकडंच राहिली होती.

झालं! आईचा बांधच फुटला. "जल्माची तशी ती तशीच! वड्याला पान्याला धाडली तर हंडा तिकडंच ठिवून मोकळी येनार! शेरडं राखाय धाडली तर सांजच्याला दुसऱ्याचीच शेरडं दारात! भाकर टाकली की उठून चालली भायेर, आन भाकरीचा कोळसा! हळद लावताना ह्या भवानीनं काय करावं? तशीच पिवळ्या अंगानं उठली न् कुत्र्याच्या पिलामागं पळाली! सगळी वऱ्हाडी मानसं बघत्यात!"

अख्खी गाडी हसायला लागली. पुढच्या बाकावरचे एक आजोबा वळून म्हणाले, "अजून सांगा की, मावशे!" आणि मावशी सांगत होती. एकामागून एक. तासाभरापूर्वी मी जे हात जोडून मागत होते, ते सगळं ती भोसरीपर्यंत मोफत वाटत होती.

मी उठले आणि घंटीची दोरी ओढली. "थांबवा गाडी!"

"अहो बाई, तिकीट मंचरचं काढलंय तुमी," कंडक्टर ओरडला.

"थांबवा म्हणते ना!"

आईचा हात धरून तिला खाली उतरवलं. ती रस्त्याच्या कडंला उभी राहून माझ्यावरच तापली. "डोकं फिरलं का तुझं?"

"एसटीभर माणसांना सांगितलंस, मग डॉक्टरला सांगताना तोंडात काय धरलं होतंस?"

"एसटीतली मानसं उतरून जात्यात. त्यो लिवून घेत व्हता! परक्यापुढं लेकीचं उनं काढू व्हय मी?"

रिक्षा करून परत दवाखाना गाठला. डॉक्टर आपला डबा उघडून जेवायला बसले होते. बाहेर नावं लिहून घेणारी मुलगी अडवत होती, तिला म्हणलं, बाजूला हो. आत शिरले, आईला खुर्चीत बसवलं.

"आईला खरं सांगायचंय."

डॉक्टरांनी कंटाळून कागद पुढं ओढला. आईनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि बघा, परत सुरू. "तशी गरीब हाये हो लेक माझी..."

मी टेबलावर हात आपटला. "आये, तू हितं गोड बोल, आणि सोमवारी समी शेरडांमागं जाईल! ह्यांना सांगू नको. समीला सांग. तुझी नात आठ वर्षांची आहे. माझं तेवढ्या वयात काय काय झालं, ते तिला सांग."

आई माझ्याकडं वळली. मग तिनं पहिल्यांदाच डोक्यावरचा पदर खाली पडू दिला.

"बांधून ठिवायची मी हिला," ती म्हणाली.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाव्यानं. गोठ्यातल्या खांबाला. आमी खाचरात लावनीला जायचो. येकदा ही हिरीच्या काठावर गावली. येकदा तर पार माळशेजच्या रस्त्याला, टरका जात्यात तिथं. मग पायाला बांधाय लागले. भाकर-पानी जवळ ठिवायचे. सांजच्याला येऊन सोडायचे."

माझ्या उजव्या घोट्यावर एक पांढरा वळ आहे. लहानपणी भाजलं होतं, असं आई मला कायम सांगत आली. मी साडी वर करून त्या वळाकडं बघितलं. आईचा असा राग आला, की तिच्या शेजारी उभं राहवेना.

डॉक्टरांचा आवाज चढला. "अहो आजी, पोटची पोर ती! जनावरासारखं बांधायचं? शोभतं का हे?"

आई ताडकन उभी राहिली. माझ्यावर ओरडते त्याच आवाजात त्यांच्यावर ओरडली.

"मंग काय करायचं व्हतं? सांगा की! हिरीत पडू द्यायची व्हती? तवा कुठं व्हता तुमी? मढला आला व्हता का कुनी डाक्टर सांगाय, का बाई तुझी लेक वांड न्हाई, तिचं डोकंच असं हाये? भगताकडं नेली, त्यानं मिरच्यांची धुरी दिली. मास्तरनं कान पिळून हाकलली. आन आज तीच लेक आपल्या पायानं तुमच्या दारात आली, तर तुमी इचारता नवऱ्याशी पटतं का! लाज न्हाई वाटत?"

डब्यातली भाजी तशीच उघडी होती.

"बघत काय बसलाय? लिवा," आई म्हणाली. "का माझ्या नातीला बी बांधायचं?"