रंग पुसायचं तेल

थ्येनकाकांच्या रंगाचा वास कुठे आला, की मला अजून भूक लागते.

तेव्हा मी चौदा वर्षांचा. बाबा ताइपेईत दुसरा संसार थाटून बसलेले, आई कारखान्यात रात्रपाळीला. शाळेत माझं नाव घेतलं जायचं ते पुढे ‘गैरहजर’ लावण्यापुरतं. प्रेमाने हाक मारणारा एकच, टोळीतला ह्वेइदादा. तो मला टर्कीभात खाऊ घालायचा आणि बदल्यात काही मागायचा नाही. नंतर मागणार होता, एवढंच.

आमच्या च्याई शहरातल्या देवळाच्या मिरवणुकीत मी देवाचा शिपाई व्हायचो. एकदा तोंडाला रंग लागला की ते तोंड आपलं नाही. त्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, टर्कीभाताकडे तर बघायचंही नाही.

त्या वर्षी मिरवणूक परतली तेव्हा ह्वेइदादा दारात गाडी लावून उभा, हातात भाताचं खोकं.

“चल बाळा, ताइचुंगला. आजपासून तू आमच्यातला. येतोस ना?”

आमचे चेहरे रंगवणारे थ्येनकाका मध्ये आले. “त्याला काय विचारतोस? रंग आहे.”

“मग पुसा की.”

“तेल सापडेना.”

“बरं, मान तरी हलव रे.”

“मुकुट पडेल. तुझ्या गाडीवर पडला तर मला बोलू नकोस.”

ह्वेइदादा आयुष्यात दोघांनाच भ्यायचा, देवाला आणि स्वतःच्या आईला. तो तडक गाभाऱ्यात गेला आणि लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून देवालाच विचारलं, पोराला नेऊ का? दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे होही नाही, नाहीही नाही, देव नुसता हसतोय. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसला.

“एवढं हसायला काय झालं याला?”

“तुझी हजामत बघितली असेल,” काका म्हणाले.

तेवढ्यात ह्वेइदादाला त्याच्या साहेबांचा फोन आला आणि तो शिव्या घालत एकटाच निघून गेला. खोकं मात्र माझ्यासाठी ठेवून गेला. वाईट नव्हता तसा.

काकांनी कमरेची तेलाची बाटली काढली आणि माझं तोंड पुसलं. “हं, आता बोल. गेला असतास?”

“हो.”

“का?”

“भूक लागली होती.”

काका बराच वेळ बाटलीचं झाकण लावत बसले.

“खा ते. उद्यापासून रोज माझ्याकडे जेवायला ये. स्वयंपाक मी करतो, सपक असतो. आधीच सांगून ठेवतो.”

सपकच होता. काका होते तोवर खाल्ला.