मेलेली तलवार

माझा बाप सेगोमार म्हातारा होऊन, स्वतःच्या अंथरुणात मेला. गॉलमधल्या आमच्या घराण्यात असं मरण आलेला तो पहिलाच पुरुष. तेवढ्यावरून माझा चुलतभाऊ किंटुस्मो बापाला पुरायच्या खड्ड्यापाशीच भाषण ठोकायला लागला. रोमनांनी त्याला गावचा मुखिया केलंय आणि तेव्हापासून त्याला आमच्यासारखी विजार घालायची लाज वाटते, रोमनांसारखा झगा घालून फिरतो.

"रोमन आले नसते तर काका कधीच कापले गेले असते, अद्नामा. आता बघ, वर्षानुवर्षं गावात साधी आग नाही. याला शांतता म्हणतात, बाई!"

"मग माझा लितुगेन कुठाय रे, दादा?"

माझ्या थोरल्या पोराला रोमनांनी फौजेत ओढून ऱ्हाइन नदीपलीकडे नेलं. ज्यांनी आमचं काही वाकडं केलं नव्हतं, त्यांची गावं जाळताना तो मेला. लढाई थांबली कुठे होती? दुसऱ्यांच्या दारात नेली होती, आणि मरायला पोरं आमची.

"एवढं मोठं राज्य म्हटलं की चालायचंच," किंटुस्मो पुटपुटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्यात लढवय्याची तलवार तापवून, वाकवून त्याच्याशेजारी पुरतात. तलवार मेली की माणूस निवांत झोपतो. रोमनांची हत्यारांवर बंदी होती, म्हणून बापाने त्याची तलवार छपरात लपवली होती, आणि मरताना तेवढंच मागितलं होतं. मी ती दुमडून त्याच्या हाताखाली ठेवली. किंटुस्मोला ती दिसली.

"डोकं फिरलंय का तुझं? सगळ्या गावाला फासावर चढवशील!"

"मेलीय ती. कांदा तरी चिरता येईल का तिने?"

"हत्यार ते हत्यार."

आजूबाजूला एकही रोमन शिपाई नव्हता. तरी हा स्वतः खड्ड्यात उतरला आणि माझ्या बापाचा हात उचलून तलवार घेऊन गेला.

त्याच महिन्यात नवी भरती आली. माझा धाकटा साक्रो रांगेत उभा होता. किंटुस्मो हसत आला, हातात तीच तलवार. लोहाराकडून सरळ करून, धार लावून आणलेली.

"घे पोरा, आजोबांचा आशीर्वाद. बघ अद्नामा, मी काय परका आहे का?"

मेल्याला खरंच वाटत होतं की तो उपकार करतोय! मी सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर थुंकले. साक्रोने मात्र माझ्याकडे बघितलं नाही. त्याने तलवार कमरेला बांधली आणि कोणाची तरी गावं शांत करायला निघून गेला.