वाळूवरची साय

या मित्रांनो, अजून थोडं पुढं सरका. टाक्याच्या कडेला टेकून बसा. दगड ओला आहे, कपडे जरा सावरा. एक गोष्ट सांगते. मी फार हळू बोलते, म्हणून कान इकडे लावा आणि मधेच उठू नका.

मी एक जुनी साय आहे. दुधावरची नव्हे, वाळूवरची. चौलजवळ खाडीच्या अंगाला आमचा कोळीवाडा. वाड्याच्या वर तळं आणि तळ्याच्या बांधाखाली हे दगडी टाकं. टाक्यात कंबरभर वाळू आहे. तळ्याचं पाणी वाळूच्या माथ्यावर येतं, झिरपत खाली उतरतं आणि दगडी तोटीतून बायकांच्या हंड्यात पडतं. त्या माथ्यावर जो तपकिरी, बुळबुळीत, बोटभरही जाड नसलेला थर दिसतो, ती मी. पण मी एकटी नव्हे. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू मिळून मी झाले आहे. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, त्यांची नावं कुणी विचारत नाही, पण सगळे मिळून एक ताल धरून ठेवतात. आमचंही तसंच.

हे टाकं सन १९२३ साली बुधाजी गवंड्यानं बांधलं. आदल्या वर्षी वाड्यात पटकीनं सतरा माणसं गेली, त्यात त्याची बायको होती. मुंबईत पाण्याच्या कामावर राबताना त्यानं वाळूची टाकी पाहिली होती. पहिल्या दिवशी तोटीतून गढूळ पाणी आलं, तेव्हा लोक हसले. बुधाजी एवढंच म्हणाला, "थांबा. वाळूला साय धरू द्या."

वीस-बावीस दिवसांनी मी धरले. मग माझं काम सुरू झालं. तळ्यात गुरं बसत, पानं कुजत, कपडे धुतले जात. ते सगळं माझ्यावर येई. जगाला जी घाण, तोच आम्हांला प्रसाद. शेण, मळ, कुजकं, सारं आम्ही खाऊन पचवतो. रोगाचे जंतू आमच्या चिकट जाळ्यात अडकतात आणि तिथंच संपतात. खाली उतरतं ते थंड, बिनवासाचं पाणी. अकरा वर्षांत वाड्यात पटकी फिरकली नाही. "टाक्याचं पानी गोड," असं लोक म्हणत. मला मात्र कुणी ओळखत नव्हतं.

ओळखत होती ती एकटी आवडाबाई. विधवा होऊन माहेरी आलेली, वाड्याचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, तुळशीराम याची थोरली बहीण. बुधाजीनं मरण्याआधी तिला बजावलं होतं : साय फार दाटली आणि पाणी हळू येऊ लागलं, तर पातळ फळीनं वरचं तेवढं खरवडायचं. खालची वाळू हलवायची नाही, सुकू द्यायची नाही. मग काही दिवस पाणी उकळून प्यायचं.

सन १९३४ चा वैशाख आला. वाड्यात नामसप्ताह ठरला. आठ दिवस उरले असताना तुळशीराम टाक्यात डोकावला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं खलाशांना फावडी आणायला सांगितलं. आवडाबाई धावत आली.

"तुळश्या, काय चाललंय रं?"

"बाय, बारा गावची मानसां येनार. कीर्तनाला शिवदासबुवा येनार. त्यांना काय हा शेंबूड पाजू?"

"शेंबूड नाय तो, साय हाय. खरवडायची, उपटायची नाय. बुधाजी सांगून गेलाय."

"बुधाजी गवंडी होता, तांडेल नव्हता. होडीच्या बुडाला शेवाळ धरली तर आपन काय करतो? घासतो, झावळ्यांनी भाजतो, चुना देतो. तवा होडी पळते."

"टाकं पळून कुठं जानार हाय? मुंबईला?"

खलाशी हसले. तांडेल हसला नाही. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. ज्यांचं पोट होडीवर, त्यांना बुळबुळीत दिसलं की ते घासून काढायचं, एवढंच लहानपणापासून ठाऊक.

फावडी चालली. पाट्या भरभरून मी उन्हात ओतली गेले. टाक्याच्या भिंतींना चुना दिला, किनाऱ्यावरची पांढरी वाळू धुऊन आत भरली. तापल्या जमिनीवर माझे जिवाणू सुकून मरत होते, एकेक टाळ गळून पडावा तसे. दुपारपर्यंत मी संपलेच असते. पण आवडाबाईनं ढिगाच्या आतली ओली वाळू एका फुटक्या मडक्यात भरली, पडवीच्या सावलीत ठेवली आणि तळ्याचं पाणी थोडं थोडं घालत राहिली. शेजारच्या मनुबाईनं विचारलं, "काय गो आवडे, लोनचं घालतंस का?"

"व्हय. मुरलं की तुला वाढीन."

तोटीतून काचेसारखं पाणी आलं. "बघ बाय!" तुळशीराम मिरवत म्हणाला. पण दिसायला नितळ ते प्यायला निर्मळ असतंच असं नाही. त्याच आठवड्यात कुणीतरी आजारी माणसाचे कपडे तळ्यात धुतले होते. नवी वाळू कोरी होती, तिथं काही खाणारं, अडवणारं कुणी नव्हतं. जे तळ्यात होतं ते हंड्यात उतरत होतं. मी मडक्यात बसून होते आणि मला काही करता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी वाड्यात हगवण सुरू झाली. आधी दोघं, मग पाच, मग अकरा. अकरावी केसर, तुळशीरामाची लेक, आठव्या महिन्यात माहेरी आलेली. तिचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. रेवदंड्याहून डॉक्टर आले. पाणी उकळूनच द्यायचं, मीठ घालून पेज द्यायची, असं सांगून त्यांनी तुळशीरामाला बाजूला घेतलं. "दोन दिवसांत उतार पडला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर दोघंही हातची जातील."

तुळशीराम बहिणीच्या पडवीत येऊन बसला. "बाय, मना काय कलत नाय. मी काय करू?"

"पैला सप्ताह पुढं ढकल. एवढ्या मानसांना पाजायला पानी कुठं हाय?"

"बारा गावांना आवतनाचा नारळ गेलाय गो. तांडेलाचा शब्द हाय."

"नारळ माघारी आनता येतो. लेक माघारी आनता येते का, सांग."

तो उठला आणि तशाच उघड्या डोक्यानं गावोगाव माणसं धाडायला गेला. शिवदासबुवा मात्र एक दिवस आधीच मचव्यानं येऊन पोचले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वीणा खुंटीला अडकवली आणि पाणी उकळायला चुलीपुढे बसून जळणाची फाटी सारू लागले. "आज हेच कीर्तन," ते म्हणाले.

इकडे आवडाबाईनं दिवसभर टाक्यातून पाणी वाहू दिलं, चुन्याचा जोर उतरवला. मग मडक्यातली वाळू मुठीमुठीनं नव्या वाळूवर पसरली. दुधाला विरजण लावावं तसं मला लावलं. तोटीचं पाणी कुणी प्यायचं नाही, नारळीच्या आळ्यात सोडायचं आणि प्यायला तळ्याचं पाणी उकळून घ्यायचं, असं ठरलं.

आता सगळं माझ्यावर होतं. एकाचे दोन, दोनाचे चार असे आम्ही वाढू लागलो. भिंतीकडे गेलो की चुना भाजे, म्हणून मधूनच पसरलो. तिसऱ्या दिवशी केसरचा जीव जागेवर आला, बाळ हललं. पण अंगात तिच्या काही उरलं नव्हतं. पुन्हा हगवण लागली तर दोघांतलं कुणी राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि वाड्यातली फाटी सरत आली होती. मोडक्या होडीच्या फळ्या जळल्या, तांडेलाची जुनी डोलकाठी जळली. सोळाव्या दिवशी चुलीला घालायला काही उरलं नाही.

आवडाबाईनं टाक्यात हात घालून माझ्यावरून बोट फिरवलं. बोट घसरलं. ती म्हणाली, "आज मी पिते. तीन दिवस दुसऱ्या कुनी थेंब घ्यायचा नाय."

"बाय, नको. मी पितो. चूक माझी हाय."

"तुझं पोट दगड पचवील. त्यानं काय कलनार?"

तिनं तोटीखाली ओंजळ धरली आणि प्यायली. मित्रांनो, त्या तीन दिवसांसारखी भीती मला उन्हातही वाटली नव्हती. माझ्या जाळ्यातून एखादा जंतू निसटला असेल तर? येणारा जाणारा विचारी, "आवडे, पोट कसं हाय?" ती म्हणे, "हाय तिथंच हाय." केसरसाठी शेजारून मागून आणलेल्या चार काटक्यांवर पेलाभर पाणी उकळत होतं. तुळशीराम पडवीच्या पायरीवरून हलत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी आवडाबाई म्हणाली, "तुळश्या, सुकट भाज आनि भाकर आन. भूक लागलीय."

तुळशीरामानं तांब्या तोटीखाली धरला. तांब्या भरला. तो त्यानं लेकीच्या ओठाला लावला. केसर प्यायली, तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आनखी."

महिन्याभरानं तिला मुलगी झाली. बुवांचा सप्ताहही नंतर झाला, पण त्या दिवशी ऐकलेल्या "आनखी"इतकं गोड मी अजून काही ऐकलं नाही.

मित्रांनो, पाण्याकाठी दिसणारी प्रत्येक बुळबुळ शत्रू नसते. घासायचं तेवढं घासा, पण घासण्याआधी जाणत्याला विचारा. तळ्यात चुना, तेल, साबण ओतू नका. आम्ही पुष्कळ घाण पचवतो, पण आम्हांलाही मारता येतं, आणि ते फार सोपं आहे.

आवडाबाई पुढं पुष्कळ वर्षांनी एका माघात गेली, म्हातारपणानं. आता दुसरी बोटं माझ्यावरून फिरतात. टाक्यावर कुणाचं नाव कोरलेलं नाही, आणि मला ते कोरता येत नाही. म्हणून एक मागणं आहे. तिचं नाव आवडाबाई, वाड्याच्या तांडेलाची बहीण. तेवढं तुम्ही लक्षात ठेवा.