गुरांच्या डॉक्टरणीची सही

अगं पोरींनो, ऐका तर, हसा नंतर!

ग्रामसेविकेच्या फारमची शेवटची तारीख. हिंगोलीला पाचला खिडकी बंद. बाबांनी साफ सांगितलेलं, ह्या बारीला जमलं न्हाई तर दिवाळीत लगीन. मी अन् नामाजीकाका वारंगा फाट्यावर बसची वाट पाहून राहिलो, अन् ध्यानात आलं, झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सहीच न्हाई! त्याबिगर फारम घेतच न्हाईत.

"तलाठ्याची घे," काका म्हणे.

"न्हाई चालत."

"मंग फौजदाराची?"

"ती बी न्हाई!"

"मंग सरकारात दुसरं हाय तरी कोण?"

दवाखान्यात पळाले, डॉक्टर शिबिराला गेलेले. चहावाला म्हणला, गुरांच्या दवाखान्यातल्या अंजली मॅडम करतात सही. जनावरांच्या डॉक्टरची? तरी पळाले, काका मागं.

बघते तर मॅडमचा हात कोपरापर्यंत म्हशीत! रेडकू आडवं आलेलं. म्हशीची मालकीण सुभद्राबाई रडून राहिली.

"मॅडम, सही पायजे, बस येईल…"

"कोणत्या हातानं करू? ही रेडकाच्या पायाची दोरी धर!"

धरली. काकानं म्हशीची मुंडी आवळली. जल्म मेंढरात गेला त्याचा, त्याला बराबर माहीत.

"तिनं जोर केला की ओढ. मधी न्हाई!" मॅडम वरडल्या.

तेवढ्यात फाट्यावर बसचा भोंगा. माझं काळीज तिकडं, हात इकडं. सोडू का? म्हशीचे डोळे पांढरे झालेले. न्हाई सोडली. बस गेली.

मंग एकदम पाय, नाक, अन् फसकन रेडकू बाहेर, वगार व्हती, मादी! श्वासच न्हाई. काकानं नाकात काडी घातली, तशी शिंकली!

मॅडमनी हात धुतले. मला वाटलं, आता धडाधड शिक्के. कुठलं!

"ओरिजिनल काढ."

"मॅडम, सव्वातीन झाले…"

"न पाहता सही करत नसते मी."

सात कागद. एकेक ताडून पाहिला, मंग हिरवी शाई.

काकानं ट्रक अडवला. हिंगोलीला खिडकीशी पोचलो तर पाचला दहा कमी.

बाबूनं चष्मा वर केला. "पशुधन विकास अधिकारी? काहून, तू म्हैस हायस का पोरी?"

मागची लाईन खीखी. मी शिक्क्यावर बोट ठेवलं.

"राजपत्रित हायत साहेब. शिक्का वाचा ना."

तो कागद घेऊन आत गेला. पाचला सहा. पाचला तीन. येईचना! आला, बसला, अन् ठप्! पोचपावती हातात.

बाहेर काका पायरीवर बसलेला.

"दीपमाले, त्या बाईची बी सरकारी नोकरीच का?"

"व्हय."

"पगार, पेन्शन?"

"समदं."

"मंग गधडे, तोच फारम काहून न्हाई भरला?"

"काका, त्याला पाच वर्षं कॉलेज लागतं!"

"लागू दे. माझी धाकटी पोर आठवीतच हाय."

अन् माझ्या हातातली पावती घेऊन डोक्याच्या पटक्यात खोचली. "तुझ्या बापाला मीच दाखवतो."